इंजिन बदलले, गाडी तीच!

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मोटारीवर लेख कशासाठी, असा प्रश्न हे पान उघडताच काही वाचकांना पडेल. कविता, सहलीचे वर्णन, एखाद्या संतावरील निबंध, फार तर हुंड्यावरील एक कथा, हे आपल्या अंकाचे ठरलेले पीक. पण ज्या विषयावर आपल्या गावातील चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद रंगतो त्याला अंकात चार पाने मिळू नयेत, हेही बरे नाही. शिवाय हा वाद दिसतो तितका यंत्राचा नाही. जुनी वस्तू कोणत्या अटीवर ‘तीच’ राहते, तिच्यात बदल करण्याचा अधिकार कुणाला, आणि त्या बदलाची जबाबदारी कुणी घ्यायची, असे तीन प्रश्न त्यात दडलेले आहेत. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन परीक्षेला बसणाऱ्यांनी तरी ते टाळू नयेत.

विषय असा. जुन्या, उघड्या, हौसेच्या गाड्या बाळगणारे लोक जगभर आहेत. त्यांतील पुष्कळ जण गाडीचे मूळ इंजिन उतरवून दुसरे चढवतात, गिअर बॉक्स बदलतात, चाके रुंद करतात, टप कापून टाकतात. त्यांच्या समोर दुसरा पक्ष उभा असतो. कारखान्यातून आलेला एक बोल्टसुद्धा बदलला तर गाडीचे शील भ्रष्ट झाले, असे मानणारा. पहिला पक्ष दुसऱ्याला पुजारी म्हणतो, दुसरा पहिल्याला कसाई म्हणतो. माझे मत या दोघांच्या मधोमध पडत नाही. ते पहिल्याच्या बाजूला आहे. मात्र काही सक्त अटींवर. त्या अटी सांगण्यासाठीच हा लेख.

उघडी स्पोर्ट्‌स कार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला मरीन ड्राइव्ह येतो. तशा गाड्या महाराष्ट्रात आणि गोव्यात तयारही झाल्या आहेत. अलिबागच्या चिंकारा कंपनीने जुन्या ब्रिटिश रेसिंग गाडीच्या धर्तीवर दोन आसनांची रोडस्टर बांधली, आणि तिच्यात इंजिन कोणते? कॉन्टेसा आणि ॲम्बेसेडर या गाड्यांत बसणारे इसुझूचे १.८ लिटरचे! गोव्यातील सॅन स्टॉर्म या छोट्या उघड्या गाडीत फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे ११४९ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. म्हणजे आपल्याकडची उघडी हौशी गाडी जन्मतःच उसन्या काळजाची. ‘मूळ इंजिन’ या शब्दांचा फार ताठा बाळगण्यासारखी परिस्थिती आपल्याकडे नव्हतीच.

पण कळंबला रोडस्टर कोठली? आपल्याकडे उघडी गाडी म्हणजे जीप. चिंतामणीच्या दर्शनाला आलेली, लग्नात नवरदेव मिरवणारी, कापसाच्या हंगामात शेतावर जाणारी, आणि निवडणुकीत भोंगा बांधलेली. ती कामाची गाडी होती हे खरे. पण ज्याच्या दारात ती उभी असे त्याच्या छातीचे माप ती दोन इंचांनी वाढवीत असे, हेही तितकेच खरे. आज ट्रॅक्टर, पिकअप आणि बंद काचांच्या मोटारी आल्यावर जुन्या जीपचे कामाशी नाते तुटले आहे. आता ती केवळ हौस म्हणून उरली आहे. म्हणून मुंबईच्या श्रीमंताच्या एम. जी. बद्दल जो वाद होतो, तोच वाद आपल्या वाट्याला जीपच्या रूपाने आला आहे.

हौसेने वाहन बदलण्याची रीतही आपल्याला परकी नाही. शंकरपटासाठी जी हलकी गाडी तयार करतात ती काय नेहमीची बंडी असते? वजन काढून, धाव हलकी करून, केवळ वेगासाठी रचलेली ती आपली खरी देशी स्पोर्ट्‌स कारच! आणि नेहमीच्या बंडीची लाकडी चाके जाऊन तिला रबरी टायर लागले, तेव्हा ‘ही बंडी आता अस्सल राहिली नाही’ असे कुणी शेतकऱ्याने म्हटल्याचे ऐकिवात नाही. बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला, माल जास्त भरता आला, एवढेच त्याने पाहिले. वस्तूकडे पाहण्याची ही कुणब्याची दृष्टी मला अधिक निरोगी वाटते.

आता थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९४१ पासून बनलेल्या विलीज जीपमध्ये २१९९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. मुंबईत महिंद्राने १९४९ साली विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे विलीज कंपनीने नवे, वरच्या बाजूने उंच असलेले इंजिन आणले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा कंपनीने काय केले? बॉनेटच उंच केले! १९५३ साली आलेली ती सी. जे. ३ बी. आपल्याकडे वर्षानुवर्षे जी उंच कपाळाची जीप दिसली ती हीच. आज जिचे ‘मूळ रूप’ म्हणून फोटो काढले जातात, ते रूपच मुळी दुसरे इंजिन मावावे म्हणून जन्माला आले. कारखान्याने केले की ती सुधारणा, आणि मिस्त्रीने केले की ते पाप, हा न्याय मला पटत नाही.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचे भाव वाढवले आणि पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांच्या मालकांचे डोळे पांढरे झाले. डिझेल स्वस्त होते आणि डिझेल इंजिन थोड्या इंधनात अधिक वाट तुडवीत होते. तेव्हा देशभरच्या गॅरेजांतून जीपची पेट्रोल इंजिने उतरू लागली आणि ट्रॅक्टरच्या जातीची डिझेल इंजिने चढू लागली. महिंद्रानेही ट्रॅक्टरच्या घराण्यातले २३५० घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये घातले आणि १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला. मोठाल्या अमेरिकन मोटारींचीही तीच गत झाली. आयातीवर कडक बंधने, सुट्या भागांचा दुष्काळ, आणि पेट्रोलचा खर्च. अशा वेळी विलायती गाडीच्या पोटात फियाटचे नाहीतर ॲम्बेसेडरचे इंजिन गेले म्हणून ती गाडी चालती राहिली. ते गेले नसते तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर गेली असती. इंजिनबदल ही आपल्याकडे आधी गरज होती. हौस मागाहून आली. पुस्तकी शुद्धतावादी नेमके हेच विसरतात.

येथे आमच्या घरचे उदाहरण देतो, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे. आमच्या मोठ्या बाबांकडे सी. जे. ३ बी जीप आहे. आजोबांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. १९८० च्या सुमारास यवतमाळच्या एका मिस्त्रीने तिचे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले. इंजिनाच्या पायांसाठी नवे बिडे केले, रेडिएटर मोठा लावला, पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. बदलाची नोंद आर. सी. बुकात झाली. उतरवलेले इंजिन काही वर्षे गोठ्यात पडून होते. मग एका उन्हाळ्यात ते भंगारात गेले. त्या डिझेल इंजिनावर जीप ४० वर्षांहून अधिक चालली. आत्याचे लग्न, आजोबांचे आजारपण, कापसाची चुकारे, सारे तिने पाहिले.

आता घरात दोन मते आहेत. नागपूरचे एक गृहस्थ जीप विकत मागतात. डिझेल इंजिन फेकून देऊन कोठून तरी पेट्रोल इंजिन पैदा करायचे आणि गाडी ‘जशी होती तशी’ करून प्रदर्शनात उभी करायची, असा त्यांचा बेत आहे. माझ्या चुलतभावाचे मत उलट. त्याला नव्या जातीचे टर्बो इंजिन, हातभर रुंद टायर आणि हरियाणात मंडी डबवालीला तयार होणाऱ्या जीपसारखा थाट पाहिजे. मोठे बाबा दोघांचेही ऐकून घेतात आणि म्हणतात, “अबे, बैल बदलला म्हून बंडी काय दुसऱ्याची होते काय? पन बैल बंडीले झेपला पायजे.” या दोन वाक्यांत सगळा लेख आहे. पुढे मी केवळ त्याचा विस्तार करतो.

पहिले वाक्य पाहू. बैल बदलला म्हणून बंडी दुसऱ्याची होत नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा प्रसिद्ध संवाद आहे. राजा रथातून आला होता. नागसेनाने त्याला विचारले, रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. सुटा कोणताही भाग रथ नव्हे. भागांच्या जुळणीला आपण व्यवहारात रथ हे नाव देतो. नागसेनाला रथाचे नव्हे, ‘मी’पणाचे कोडे उलगडायचे होते, पण जुन्या गाडीच्या प्रेमात पडलेल्यांनी हा संवाद अवश्य वाचावा. इंजिन म्हणजे गाडी नव्हे. चासी म्हणजेही गाडी नव्हे.

ग्रंथाचे राहू द्या, आपल्या जिल्ह्यातले पाहा. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आपली शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेल्या वाफेच्या इंजिनाने १९२३ पासून सत्तर वर्षे ती ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी ते इंजिन निवृत्त झाले आणि डिझेलचे आले. त्या दिवशी शकुंतला संपली, असे कुणी म्हटले काय? वाफ गेली, शिटीचा सूर बदलला, पण नाव तेच, रूळ तेच, आणि खिडकीतून दिसणारी पऱ्हाटीची शेतेही तीच. शकुंतला बंद पडली ती पुढे, गाडीच थांबली तेव्हा. इंजिन बदलल्याने वाहन मरत नाही. ते उभे राहिल्याने मरते. जुन्या गाड्यांबद्दलच्या माझ्या मताचा पाया हाच आहे.

जगातील सर्वांत मानाच्या काही उघड्या गाड्याही अशाच घडल्या आहेत. इंग्लंडच्या ए. सी. कंपनीच्या एस या गाडीत ब्रिस्टल कंपनीचे इंजिन असे. ते मिळेनासे झाले तेव्हा कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने १९६२ साली त्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून घेतले. ती झाली कोब्रा! आज तिची मूळ प्रत करोडो रुपयांना जाते आणि तिच्यासमोर शुद्धतावादी टोपी काढून उभे राहतात. दुसरे उदाहरण आपल्या ॲम्बेसेडरच्या भावकीतले. ॲम्बेसेडरमध्ये १९५९ साली आलेले १४८९ घन सेंटिमीटरचे बी. एम. सी. इंजिन आणि एम. जी. ए. या देखण्या इंग्लिश स्पोर्ट्‌स कारचे इंजिन एकाच घराण्यातले. त्याच घराण्याचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन १९६२ च्या एम. जी. बी. मध्ये होते. केन कॉस्टेलो या गृहस्थाने स्वतःच्या कारखान्यात एम. जी. बी. मध्ये रोव्हरचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून ती विकायला सुरुवात केली. कंपनीने ते पाहिले, आणि १९७३ साली स्वतःच तशी गाडी बाजारात आणली. गॅरेजातला माणूस कंपनीच्या पुढे होता. आपल्याकडच्या मिस्त्रींनाही असा मान मिळायला काय हरकत आहे?

आता मोठ्या बाबांचे दुसरे वाक्य: बैल बंडीला झेपला पाहिजे. येथे मी चुलतभावाच्या पक्षाला सोडतो.

कॉस्टेलोने जे रोव्हर इंजिन निवडले ते ॲल्युमिनियमचे होते. दुप्पट आकाराचे असूनही त्याचे वजन एम. जी. च्या जुन्या लोखंडी इंजिनाच्या जवळपास होते. म्हणून गाडीचे नाक जड झाले नाही. कोब्रात १९६५ साली आणखी मोठे इंजिन घालायचे ठरले तेव्हा नुसते इंजिन घालून भागले नाही. चासी आणि स्प्रिंगा नव्याने आखाव्या लागल्या. म्हणजे जाणते लोक इंजिन शेवटी बघतात, आधी ते पेलणारी अंगे बघतात. आपल्याकडे मात्र उलटा कारभार दिसतो. इंजिन नवे, टायर रुंद, हॉर्न चार, आणि ब्रेक आजोबांच्या काळचे! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

यात काव्य नाही, साधे गणित आहे. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवण्याचे काम चौपट होते. तासाला ४० किलोमीटरने जाणारी जीप ज्या ब्रेकने थांबते त्याच ब्रेकवर ८० ने जाणारी जीप सोपवली, तर ब्रेकवर चौपट ओझे पडते. पूर्वी आपला रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा होता. जीपला वेग घेताच येत नसे. आता नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंबवरून गेला आहे. गुळगुळीत रस्त्यावर जुनी जीप नव्या इंजिनाने उधळते, आणि समोर बाजाराला निघालेली बंडी येते, शाळेतून सुटलेली पोरे येतात. हौस मालकाची असते. जीव मात्र दुसऱ्याचाही जातो. म्हणून माझी पहिली अट: आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग कमानी, आणि सर्वांत शेवटी इंजिन. ज्याला ब्रेकवर खर्च करायचा नाही त्याने इंजिनाला हात लावू नये.

दुसरी अट टपाविषयी. उघड्या गाडीचे वेड लागले की काही जण बंद मोटारीचा टप कापतात. मद्रासला १९६१ पासून तयार झालेल्या स्टँडर्ड हेराल्डला खाली स्वतंत्र चासी होती आणि वरचे छत बोल्टांनी जोडलेले होते. ते काढले तरी खालचा सांगाडा भार पेलत असे. पण प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात निराळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा आणि टप हा त्या सांगाड्याचा भाग. तो कापणे म्हणजे पेटीचे झाकण काढणे नव्हे, घराचे आढे काढणे आहे. अशी गाडी खड्ड्यात मध्येच वाकते, दरवाजे लागत नाहीत, आणि अपघातात तिचा भरवसा उरत नाही. वरातीतल्या फोटोसाठी एवढी किंमत देणे मला मान्य नाही.

तिसरी अट काढलेल्या इंजिनाविषयी. ते विकू नये. त्याला ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून, क्रमांक लिहून ठेवावे. शक्यतो चासी कापू नये. बोल्टने बसेल ते वेल्डिंगने बसवू नये. म्हणजे उद्या नातवाला वाटले तर तो गाडी पूर्ववत करू शकेल. जुन्या वाहनांच्या क्लबांची जागतिक संघटना फिवा हिचाही असाच सल्ला आहे की बदल करायचाच तर तो उलटवता येईल असा करावा आणि काढलेले भाग जपावेत. आपण केलेला बदल हा शेवटचा शब्द नाही, एवढी नम्रता मालकाजवळ असावी.

चौथी अट अपवादाची आहे, आणि येथे मी शुद्धतावाद्यांना नमस्कार करतो. एखादी गाडी तिच्या पहिल्या इंजिनासह, पहिल्या रंगासह आजवर वाचली असेल, तर तिला हात लावू नका. युद्धकाळातली एखादी विलीज तिच्या स्वतःच्या क्रमांकाच्या इंजिनावर आजही सुरू होत असेल, तर ती ताम्रपटासारखी आहे. ताम्रपट कुणी घासून त्याची परात करीत नाही. पण दर शंभर जीपमध्ये अशा किती निघतील? बाकीच्या गाड्यांना ताम्रपटाचे नियम लावून गंजत ठेवणे हा इतिहासाचा आदर नव्हे.

आणि आमच्या जीपसारख्या गाड्यांचे काय? तिचे १९८० चे डिझेल इंजिन आता स्वतःच इतिहास झाले आहे. तेलाच्या भाववाढीला विदर्भातल्या शेतकऱ्याने आणि मिस्त्रीने दिलेले ते उत्तर आहे. ते फेकून पेट्रोल इंजिन बसवले तर अमेरिकेतल्या कारखान्याचा इतिहास परत येईल, पण यवतमाळच्या गॅरेजचा इतिहास पुसला जाईल. ‘जशी होती तशी’ म्हणताना कोणत्या दिवशीची ती? कारखान्यातून निघाली त्या दिवशीची, की आजोबांनी चालवली त्या चाळीस वर्षांतली? नागपूरच्या गृहस्थांना माझा हा प्रश्न आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गाठ तेथेच आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात, गाडीत बदल केला तर तो नोंदणी अधिकाऱ्याला कळवून पुस्तकात चढवून घेण्याची वाट होती. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ या बदलांविषयीच आहे. त्यात २००० साली दुरुस्ती झाली आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आली. निराळ्या इंधनावर किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच ठरलेल्या अटींवर बसवण्याची मुभा ठेवली गेली. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच मनाई ठामपणे उचलून धरली. दुसरीकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी निराळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवू नये.

या दोन नियमांच्या मध्ये आमच्या जीपसारख्या गाड्या अडकतात. मूळ इंजिन नाही म्हणून त्या व्हिंटेज नाहीत. आणि आहे ते इंजिन झिजले तर त्याच्या जागी आजचे कमी धुराचे, चांगले इंजिन बसवायला सरळ वाट नाही. मग काय होते? लोक गुपचूप बसवतात. कागदावर एक क्रमांक, बॉनेटखाली दुसरा. अशी गाडी अपघातात सापडली की विमा कंपनी हात वर करू शकते, आणि ज्याला धडक बसली त्याला भरपाईसाठी वणवण करावी लागते. मनाईने बदल थांबत नाही, तो अंधारात जातो, आणि अंधारात केलेल्या वेल्डिंगवर कुणाचा भरवसा ठेवायचा?

मी कायदा मोडा असे मुळीच म्हणत नाही. न्यायालयाच्या निर्णयामागे रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाची काळजी आहे आणि ती योग्य आहे. माझे म्हणणे एवढेच की ही काळजी मनाईपेक्षा तपासणीने अधिक चांगली घेता येईल. जर्मनीत इंजिन बदललेली गाडी तज्ज्ञ तपासनीसाकडे न्यावी लागते. ब्रेक, धूर, मजबुती पाहून तो संमती देतो आणि मग बदल कागदावर येतो. ब्रिटनमध्ये बरीच वर्षे गुणांची पद्धत होती. गाडीची जुनी ओळख टिकवायला आठ गुण लागत. मूळ चासीला पाच गुण, स्टिअरिंगला दोन, आणि इंजिनाला केवळ एक! म्हणजे इंजिन गेले तरी गाडी तीच, हे मोठ्या बाबांचे मत तेथल्या सरकारी दप्तरालाही मान्य होते. आपल्याकडे वाहनांची शास्त्रीय चाचणी घेणारी ए. आर. ए. आय. ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. तिच्या देखरेखीखाली विभागवार तपासणी केंद्रे नेमून, ३० वर्षांवरील हौशी गाड्यांपुरती अशी वाट उघडता येणार नाही काय? फी घ्या, वेगाची मर्यादा घाला, धंद्याला वापरू देऊ नका. पण ज्याने प्रामाणिकपणे सांगितले त्याला कागद द्या.

विजेवर चालणाऱ्या संचाला कायद्याने वाट दिली आहेच. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार कंपनीने आपल्याच १९६८ च्या उघड्या ई-टाइप गाडीत विजेची मोटर बसवली आणि २०१८ साली इंग्लंडच्या राजपुत्राच्या लग्नात ती साऱ्या जगाने पाहिली. उद्या कळंबच्या वरातीत विजेची सी. जे. ३ बी निघाली, तर मी तिचे स्वागतच करीन. फक्त तिचे जुने इंजिन गोठ्यात ताडपत्रीखाली सुरक्षित असावे.

मित्रहो, शेवटी आपल्या महाविद्यालयासाठी एक सूचना. आपल्या तालुक्यातील जुन्या जीप, त्यांत केव्हा कोणते इंजिन बसले, ते कोणत्या मिस्त्रीने बसवले, का बसवले, याची साधी वही आपण विद्यार्थ्यांनी तयार करावी. आपण शिलालेखांचे ठसे घेतो, जात्यावरच्या ओव्या गोळा करतो. मग लेथवर घडलेल्या या कारागिरीची नोंद का करू नये? ‘चासी’, ‘टप’, ‘कमान’, ‘पाटा’ हे शब्दही आपल्या भाषेचेच धन आहे. ज्या मिस्त्रींनी नकाशा नसताना, भाग नसताना, हातोडी आणि डोळा यांच्या बळावर परक्या देशाची गाडी आपल्या रस्त्यावर पन्नास वर्षे चालती ठेवली, ते आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. गाडीचे सुटे भाग शोधले तर मिळतील. ही माणसे गेल्यावर त्यांच्या आठवणी मात्र कोणत्याही बाजारात मिळणार नाहीत. वही लवकर उघडली पाहिजे.